कामाला बाई लावताना: बोली, चिठ्ठी आणि कागद

आजच्या भागात आपण एका अशा नोकरीचा इतिहास बघणार आहोत, जी नोकरी देणारे मालक आपणच असतो. घरी केर-फरशीला बाई लावायची असते. आपण शेजारी विचारतो, वॉचमनला सांगून ठेवतो. दोन दिवसांनी कोणीतरी दारात येतं. मग उंबऱ्यावर उभ्या उभ्या बोलणं होतं. "माणसं किती?" "चौघं." "खोल्या किती? फरशी रोज की एक दिवसाआड?" "आधीच्या बाईला काय देत होता?" पाच मिनिटांत बोली ठरते आणि उद्यापासून काम सुरू होतं.

पुण्यात याला केर-फरशी म्हणतात, मुंबईत लादी-कचरा. इंदूर-दिल्लीकडचे आपले लोक झाडू-पोछा म्हणतात. तिला कुठे मावशी म्हणतात, कुठे दीदी, बडोद्यात बेन आणि बंगळुरूत अक्का. गाव बदललं की शब्द बदलतात, पण उंबऱ्यावरची ती पाच मिनिटं सगळीकडे सारखीच असतात. आणि त्यातलं काहीही कागदावर येत नाही.

आपल्याला वाटतं, हे असंच चालत आलं आहे. घरकाम ही तोंडी व्यवहाराचीच गोष्ट. मी या विषयावरची जुनी-नवी माहिती वाचत गेलो तेव्हा मला चित्र वेगळं दिसलं. या कामाभोवती कागद पूर्वीपासून होते आणि भरपूर होते. दरांच्या याद्या होत्या, शिफारशीच्या चिठ्ठ्या होत्या, कायद्याची कलमं होती, पोलिसांचे फॉर्म होते. पण ते बहुतेक सगळे घराच्या मालकासाठी केलेले होते. काम करणारीच्या हातात राहील आणि तिच्या उपयोगी पडेल असा कागद फार उशिरा आला, तोही तिने मागितल्यावर. आज आपण या कागदांचाच माग काढू.

सुरुवात खूप मागून करू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दास आणि कर्मकर असे दोन वेगळे शब्द येतात. दास म्हणजे मालकीचा माणूस आणि कर्मकर म्हणजे वेतन घेऊन काम करणारा. कर्मकराबद्दल तिथे एक साधा नियम आहे: काय काम ठरलं, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना माहीत असावं. वेतन बोली झाल्याप्रमाणे द्यावं, आणि वाद झाला तर साक्षीदारांच्या सांगण्यावरून निवाडा व्हावा. वेतन बुडवणाऱ्या मालकाला दंड सांगितला आहे, वेतनाचा दहावा हिस्सा किंवा सहा पण. प्रत्यक्षात हे कितपत पाळलं जात होतं हा प्रश्न वेगळा. पण तोंडी बोलीला साक्षीदार लागतो आणि पगार न देणं हा दंडाला पात्र गुन्हा आहे, ही समज तेव्हा होती, एवढं आपण लक्षात ठेवू. पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता पेशवाईत येऊ. पेशवे दप्तरात कुणबिणींच्या कितीतरी नोंदी आहेत. कुणबीण म्हणजे विकत घेतलेली किंवा सरकारजमा झालेली दासी. वाड्यातलं झाडणं-सारवणं, दळण-कांडण, कोठीतलं काम, पागेतलं काम, सगळं त्या करत. त्यांची खरेदी-विक्री होई, त्या बक्षीसही दिल्या जात. मराठी कागदपत्रांत घर झाडणारी बाई आपल्याला लेखी भेटते ती अशी, मालमत्तेच्या नोंदीत. १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनी सरकारने गुलामीवरच्या मालकी हक्काला कायद्याचा आधार देणं थांबवलं. पुढे दंड संहितेने माणसांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली.

इथे आपल्या भाषेतला एक शब्द बघा: मोलकरीण. मोल घेऊन काम करते ती मोलकरीण. आज हा शब्द अनेकांना कमीपणाचा वाटतो, आणि तो तसा वापरलाही गेला. पण त्याच्या पोटात मोल आहे. कुणबिणीचंही मोल होतंच; फक्त ते तिला विकणाऱ्याला मिळे. मोलकरणीच्या कामाचं मोल तिच्या स्वतःच्या हातात पडतं. हा फरक फार मोठा आहे, आणि पुढे पुण्यातल्या बायकांनी संघटना काढली तेव्हा हाच शब्द नावात घेतला. त्याकडे आपण येऊच.

आता कलकत्त्याला जाऊ. साल १७५९. प्लासीच्या लढाईला दोनच वर्षं झाली आहेत. कलकत्त्यातल्या इंग्रजांची तक्रार अशी की नोकर फार माजलेत आणि फार पगार मागतात. त्यावर कंपनीच्या कारभाऱ्यांनी घरातल्या नोकरांच्या मासिक पगाराचा तक्ताच ठरवून टाकला. खानसाम्याला ५ रुपये, मुख्य स्वयंपाक्याला ५ रुपये, खिदमतगाराला ३ रुपये. यादीत खाली खाली जात राहिलं की झाडलोट करणारी बाई येते. तिला यादीत 'हारी वूमन' म्हटलं आहे. बंगालमधल्या हाडी जातीवरून पडलेलं हे नाव. तिचा दर कुटुंबाच्या घरी २ रुपये आणि एकट्या साहेबाच्या घरी १ रुपया. "घरात माणसं किती?" हा प्रश्न दरात तेव्हाही होता म्हणायचा!

हे दरपत्रक नोकराचं भलं व्हावं म्हणून केलेलं नव्हतं. याहून जास्त मागू नये म्हणून केलेलं होतं. आणखी एक गोष्ट बघा. या कामाचं नावच जातीवरून पडलं होतं. स्वयंपाकाला मान आणि झाडण्याला कमीपणा, हे साहेबाने आपल्याकडूनच उचललं आणि रुपयांत लिहून ठेवलं. आजही आपल्याकडे स्वयंपाकाच्या बाईचा दर वेगळा, केर-फरशीवालीचा वेगळा, आणि संडास-बाथरूम धुवायला बहुतेक ठिकाणी तिसरंच कोणीतरी. अंगमेहनतीच्या हिशेबाने हे दर लागत नाहीत. त्यामागे कुठला हिशेब आहे, ते आपण सगळे जाणतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोन बायकांनी हिंदुस्थानात संसार थाटणाऱ्या मडमांसाठी एक जाडजूड मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. नोकर किती ठेवावेत, कोणाचं काम काय आणि कोणत्या प्रांतात कोणाचा पगार काय, असं सगळं त्यात आहे. नोकर म्हणजे लहान मूल, त्याला शिस्त लावावी, हा त्याचा सूर. त्या काळात नवा नोकर येताना आधीच्या साहेबाची चिठ्ठी घेऊन येई. इंग्रजीतला 'चिट' हा शब्द आपल्याच चिठ्ठीवरून गेला. चिठ्ठी नोकराच्या खिशात असे, पण ती इंग्रजीत असल्यामुळे त्यात आपल्याबद्दल काय लिहिलंय हे अनेकदा त्यालाच वाचता येत नसे. पुढची नोकरी मिळणार की नाही हे ठरवणारा कागद आपणच जपून न्यायचा आणि तो वाचायचा मात्र दुसऱ्याने.

आता कायद्याकडे येऊ. भारतीय दंड संहिता १८६० साली झाली आणि १८६२ पासून लागू झाली. तिच्यात साध्या चोरीला, कलम ३७९ प्रमाणे, जास्तीत जास्त ३ वर्षांची शिक्षा होती. पण कारकुनाने किंवा नोकराने मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरली तर त्याला वेगळं कलम, ३८१, आणि ७ वर्षांपर्यंतची शिक्षा. राहत्या घरातून कोणीही चोरी केली तरी कलम ३८० प्रमाणे ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकत होतीच. त्यामुळे मी फक्त वर्षांवर बोट ठेवत नाही. माझं लक्ष जातं ते याकडे की कायद्याने नोकराला नाव घेऊन वेगळं काढलं ते संशयित म्हणून. नोकराचा पगार बुडवणाऱ्या मालकासाठी मात्र त्याच संहितेत वेगळं कलम नव्हतं. कौटिल्याचा सहा पणांचा दंड आठवतोय ना? तेवढाही नाही.

जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. नोकराने केलेल्या चोरीचं कलम तिच्यात ३०६ या क्रमांकावर आहे. शहरोशहरी पोलीस आपल्याला आवाहन करतात की घरी कामाला येणाऱ्याची पडताळणी करून घ्या. फॉर्म भरा, फोटो लावा, आधारची प्रत जोडा. त्यात गैर काही नाही. घरात म्हातारी माणसं असतात, लहान मुलं असतात, काळजी वाटणारच. पण उलट बाजूची पडताळणी कधी कोणी करत नाही. या घरात आधीच्या बाईचा पगार वेळेवर दिला होता का, तिच्याशी कोणी वावगं वागलं होतं का, हे नव्या बाईला कळायला फॉर्म नाही. ते तिला शेजारच्या इमारतीतली मैत्रीण जिन्यात सांगते, तेवढंच.

मग ही कामं करायला बायका कधीपासून आल्या? कारण बराच काळ हे काम पुरुषांचंही होतं. मुंबईत गुजराती आणि पारशी घरांमध्ये कोकणातून आलेला गडी असे. त्याचं खरं नाव काहीही असो, त्याला 'रामा' म्हणत. तो घरातच राही, जिन्याखाली नाहीतर स्वयंपाकघरात झोपे. स्वातंत्र्यानंतर पुरुषांना कारखान्यात, कचेरीत, बांधकामावर दुसरी कामं मिळू लागली. घरकाम बायकांकडे आलं, आणि त्याचा दरही पडेलच राहिला.

त्यात आपल्याकडे दोन मोठे धक्के बसले. पहिला १९७२ चा दुष्काळ. त्यात मराठवाड्यातून आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागातून माणसं पुण्या-मुंबईकडे आली. शेतमजुरी करणाऱ्या, त्यातही मोठ्या संख्येने दलित असलेल्या या बायकांना शहरात लगेच मिळणारं काम म्हणजे धुणी-भांडी आणि केर-फरशी. दुसरा धक्का मुंबईचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. जवळपास अडीच लाख कामगार त्यात होते. संप विरत गेला आणि अनेकांच्या नोकऱ्या परत मिळाल्याच नाहीत. गिरणगावातल्या कितीतरी घरांत चूल चालू राहिली ती बायकांच्या कामावर. कोणी खानावळ चालवली, कोणी घरकाम धरलं.

याच काळात शहरांत फ्लॅट वाढत होते. फ्लॅटमध्ये नोकराला झोपायला जागा नसते. त्यामुळे चोवीस तासांचा घरगडी मागे पडला आणि सकाळी तास-दीड तास येणारी बाई आली. कलकत्त्यातही हेच झालं. अशा ठराविक वेळेपुरत्या येणाऱ्या बाईला तिथे ठिके म्हणतात. या बदलाचा परिणाम खोल होता. पूर्वी माणूस कामाला ठेवला जाई, आता एकेक काम दिलं जाऊ लागलं. भांड्यांचे इतके, फरशीचे इतके. बाईला एका मालकाऐवजी पाच मालक आले. तिची मोकळीक वाढली. एका घरी पटलं नाही तर ते सोडून बाकीची चार धरून ठेवता आली. पण जबाबदारी मात्र पाचांत विखुरली. ती आजारी पडली तर कोणाच्या कामामुळे पडली? पाचही जण म्हणणार, आमच्याकडे तर तासभरच येते.

१९६३ साली 'मोलकरीण' नावाचा मराठी चित्रपट आला. सुलोचनाबाईंची त्यातली भूमिका बघून घराघरांतल्या प्रेक्षकांनी डोळे पुसले. मोलकरणीबद्दल समाजात माया नव्हती असं मला म्हणायचंच नाही. जुनी साडी, सणाचं ताट, मुलाच्या वह्या, अडीनडीला उचल, हे सगळं दिलं जाई. पण ते देणं देणाऱ्याच्या मनावर होतं. ते मागता येत नव्हतं.

मागायला सुरुवात झाली १९८० साली, पुण्यात. घरकाम करणाऱ्या बायकांनी काम बंद ठेवलं. आता कल्पना करा, हा संप किती अवघड असेल. गिरणीला फाटक असतं, त्याच्यासमोर उभं राहता येतं. इथे प्रत्येक घर म्हणजे वेगळं फाटक. एका बाईने पगार वाढवून मागितला की मालकीण म्हणू शकते, तुला परवडत नसेल तर दुसरी मिळेल. आणि दुसरी मिळतेच, कारण तिलाही गरज असते. म्हणजे संपाची सगळी ताकद एकाच गोष्टीवर होती: एकीने सोडलेलं काम दुसरीने धरायचं नाही. हे ठरवलं वस्तीत, नळावर, कामाला जाता-येता. ज्यांना शहर फक्त सकाळच्या वेळी जिन्यात बघत होतं, त्या बायका मोर्चाने रस्त्यावर आल्या.

त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. लाल निशाण पक्षाच्या कार्यकर्त्यांची तिला साथ होती. मागण्या काय होत्या? पगारात वाढ. महिन्यात ठरलेल्या भरपगारी सुट्ट्या. आजारी पडलं तर काम जायचं नाही. दिवाळीला एका महिन्याचा बोनस. यातली एकही मागणी आपल्यापैकी कोणाला स्वतःच्या नोकरीत जास्तीची वाटेल का? पुढे संघटनांनी कामांचे दर ठरवून पत्रकं काढली. १७५९ ची कलकत्त्याची यादी आठवा. तेव्हा मालकांनी एकत्र बसून कमाल दर ठरवला होता. आता बायकांनी एकत्र बसून किमान दर सांगितला. सव्वादोनशे वर्षांत कागदाची बाजू पहिल्यांदा उलटली.

आज आपण दिवाळीला बाईला एक पगार जास्त देतो, बंगालमध्ये पूजेला देतात, आणि ती जुनी रीत आहे असं आपल्याला वाटतं. दिवाळीला काहीतरी देण्याची पद्धत जुनी असेल. पण 'एक पूर्ण पगार, आणि तो हक्काचा' हे पुण्यात तरी भांडून मिळालेलं आहे.

मुंबईत १९८५ मध्ये सिस्टर जीन डेव्होस यांनी घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ सुरू केली, ती पुढे अनेक राज्यांत पसरली. आणि मग हळूहळू, फार हळूहळू, कायदा हलू लागला. संसदेत याबद्दलची खासगी विधेयकं १९५९ सालीच आली होती. त्यांचं पुढे काही झालं नाही. तमिळनाडू, कर्नाटक, केरळ या राज्यांनी तुलनेने लवकर पावलं टाकली. कर्नाटकने २००४ मध्ये घरकामाचे किमान वेतन दर जाहीर केले, केरळने २००५ मध्ये. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर देशभर बंदी आली. २००८ मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. १८ ते ६० वयाच्या कामगारांची नोंदणी, ओळखपत्र, अपघात, बाळंतपण, मुलांचं शिक्षण, अंत्यविधी यांसाठी मदत, अशी त्याची रचना.

१६ जून २०११ ला जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांच्या हक्कांचा १८९ वा करार मंजूर केला. भारताने बाजूने मत दिलं, पण त्याला आजवर अधिकृत मान्यता दिलेली नाही. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०१० च्या मूळ विधेयकात घरकाम करणाऱ्या बायकांना वगळलेलं होतं. संसदेच्या समितीपुढे त्याला विरोध झाला, आणि अंतिम कायद्यात कामाच्या जागांच्या व्याख्येत 'राहतं घर' हे शब्द आले. आपलं घर कोणाचं तरी कामाचं ठिकाण आहे, हे देशाच्या कायद्यात इतकं स्पष्टपणे तेव्हा लिहिलं गेलं.

तरीही देशपातळीवर घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत 'उद्योग' या शब्दाच्या व्याख्येतून घरगुती सेवा वगळलेली आहे. २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात ही पोकळी दाखवून दिली आणि कायद्याची गरज तपासायला केंद्राने तज्ज्ञ समिती नेमावी असं सांगितलं.

या बायका आहेत तरी किती? २०११-१२ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीवरून सरकारने संसदेत आकडा दिला होता, खासगी घरांत कामाला असलेली माणसं ३९ लाख, त्यांत २६ लाख स्त्रिया. ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम पोर्टल सुरू झालं, तिथे कामगाराने स्वतः आपली नोंद करायची असते. तिथे 'घरगुती काम' या सदरात दोन कोटींहून अधिक लोकांनी नाव घातलं आहे. दोन्ही आकडे वेगवेगळ्या पद्धतीने आलेले आहेत, त्यामुळे ते सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. तरी एवढं म्हणता येईल की नोंद करून काही मिळण्याची आशा दिसली तेव्हा फार मोठ्या संख्येने लोक पुढे आले.

कागदाची किंमत काय, हे करोनाने दाखवलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. त्याआधी १९ मार्चच्या भाषणात पंतप्रधानांनी, आपल्याकडे सेवा देणाऱ्यांचा पगार कापू नका, असं आवाहन केलं होतं. पुष्कळ घरांनी महिनोन्महिने पगार दिला. पुष्कळ घरांनी नाही दिला. जिला मिळाला नाही तिला दाखवायला काहीच नव्हतं. आपण त्या घरी कामाला होतो हेसुद्धा सिद्ध करता येत नव्हतं. २०२१ च्या निर्बंधांत महाराष्ट्र सरकारने घरेलू कामगारांना १५०० रुपयांची मदत जाहीर केली, ती नोंदणी असलेल्यांना. जिच्याकडे कार्ड होतं तिचं नाव यादीत होतं.

आता कागदाची जागा मोबाइलने घेतली आहे. मोठ्या गृहसंकुलांत फाटकावरच्या ॲपमध्ये बाई कधी आली, कधी गेली, याची नोंद होते. काही ठिकाणी रहिवासी तिच्याबद्दल अभिप्रायही लिहितात. मडमेची चिठ्ठीच ती, फक्त आता काचेवर आली. अजूनही तिच्याबद्दल दुसरेच लिहितात. मार्च २०२५ मध्ये अर्बन कंपनीने मुंबईत तासाभराच्या घरकामाची सेवा सुरू केली, सुरुवातीचा दर तासाला ४९ रुपये. नाव होतं 'इन्स्टा मेड्स'. त्या नावावर टीका झाल्यावर ते 'इन्स्टा हेल्प' केलं गेलं. नाव बदलणं सोपं असतं. यात कामगार कोणाची, कंपनीची की ग्राहकाची, हा प्रश्न मात्र पाच मालकांच्या काळात होता तितकाच अवघड आहे.

या सगळ्या इतिहासात मला एक वही फार मोलाची वाटते. गुरगावात प्रबोध कुमार नावाचे निवृत्त प्राध्यापक राहत होते. प्रेमचंदांचे ते नातू. त्यांच्या घरी बेबी हालदार नावाची बंगाली बाई कामाला लागली. पुस्तकांवरची धूळ पुसताना ती पुस्तकांपाशी रेंगाळते हे त्यांनी पाहिलं आणि तिला वही-पेन आणून दिलं. रात्री कामं आटोपली की ती लिहायला बसे. त्यातून 'आलो आँधारी' हे आत्मचरित्र झालं, २००२ मध्ये ते हिंदीत प्रसिद्ध झालं आणि पुढे अनेक भाषांत गेलं. घरकाम करणाऱ्या बाईबद्दलचे आजवरचे सगळे कागद दुसऱ्यांनी लिहिलेले. हा तिने लिहिला.

प्रत्येकीला आत्मचरित्र लिहायचं नसतं, आणि कायदा कधी होईल ते आपल्या हातात नाही. पण उंबऱ्यावरच्या त्या पाच मिनिटांचे मालक आपण आहोत. म्हणून मी तुम्हाला एक पानभर काम सुचवतो. पुढच्या वेळी बाई लावाल तेव्हा ठरलेली बोली लिहून काढा. कामं कोणती, आणि त्यांत काय धरलेलं नाही. महिन्याचा पगार किती, आणि कोणत्या तारखेला. महिन्याच्या भरपगारी सुट्ट्या किती. आपण गावाला गेलो तर त्या दिवसांचे पैसे कापणार नाही, हेही लिहा. ती यायला तयार असते, घर आपण बंद केलेलं असतं. आजारपणात किती दिवस काम राखून ठेवणार. वर्षाने वाढ कधी आणि किती. दिवाळीचा बोनस. काम सोडताना किंवा सोडवताना दोघांनीही एक महिना आधी सांगायचं. पाहुणे आले, जास्तीचं काम निघालं, तर त्याचे वेगळे पैसे.

हे तिला वाचता येणाऱ्या भाषेत लिहा. हैदराबादेत असाल तर तेलुगूत, अहमदाबादेत गुजरातीत, शेजाऱ्याची मदत घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, आणि तिच्या बाजूचं कोणी सोबत असू द्या. कौटिल्याने सांगितलेला साक्षीदार तो हाच. दोन प्रती करा. एक तुमच्याकडे, एक तिच्याकडे. त्यावर तुमची सही आणि तारीख हवी, म्हणजे मंडळात नोंदणीला जाताना ती कामाला आहे याचा पुरावा तिच्या हाती असेल. महाराष्ट्रात नोंदणीच्या अर्जाला मालकाचा दाखला लागतो आणि अनेक बायका तिथेच अडतात, कारण मालक सही द्यायला कचरतात. सही दिल्याने ती आपल्या घरावर हक्क सांगेल अशी भीती काहींना वाटते. तसं काही होत नाही. ती फक्त कामगार म्हणून मोजली जाते.

तुमच्या गावात हे कसं चालतं, दर कसे ठरतात, सुट्ट्या किती देतात, ते आम्हाला नक्की कळवा. ग्वाल्हेर, बेळगाव, रायपूर, सुरत, तंजावर, जिथून कुठून ऐकत-वाचत असाल तिथून. पुढच्या भागात आपण याच घरातल्या दुसऱ्या कामाकडे वळू: स्वयंपाकाची बाई आणि आचारी. तोपर्यंत नमस्कार.